द्राक्षबागेतील रपेट आणि हलाल रोजी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा सुटली होती आणि मी शिक्षकांच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. दारात एक तरुण येऊन उभा राहिला. "अस्सलामु अलैकुम, सर." ओळख पटायला क्षणभर वेळ लागला. माझाच विद्यार्थी होता. दहावीपर्यंत कसाबसा टिकला आणि पुढे घरच्या धंद्यात गेला. घरचा धंदा म्हणजे घोडे. आजोबा टांगा हाकत. नाशकातल्या रस्त्यांवर रिक्षा आल्या आणि टांगे गेले, तेव्हा वडिलांनी टांगा मोडला आणि घोडे लग्नाच्या वरातीला द्यायला सुरुवात केली. वडिलांच्या पश्चात दोन जनावरे याच्या वाट्याला आली. एक पांढरी घोडी आणि एक कोवळा कुमैत घोडा.

तो म्हणाला, "सर, गंगापूर धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टवाल्याने बोलावले आहे. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे येतात. त्यांना घोड्यावर बसवायचे, द्राक्षबागेच्या कडेने धरणाच्या पाण्यापर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. पैसे बरे देतो. पण तिथे वाइन पितात. अम्मी म्हणाली, आधी सरांना विचारून ये. ही कमाई हलाल आहे का?"

मी हातातला लाल पेनही खाली ठेवला नाही. म्हणालो, "दारूच्या दारात उभे राहून मिळवलेली भाकरी कशाला हवी? अल्लाह दुसरा रस्ता काढील." तो "जी सर" म्हणाला आणि निघून गेला. एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर आपण एका मिनिटात दिले याचे मला समाधानच वाटले.

तो पावसाळा लांबला. लग्नसराई नव्हती. काही महिन्यांनी तो मला दूध बाजारात भेटला. मी सहज घोड्यांची चौकशी केली. तो म्हणाला, "घोडी आहे सर. कुमैत विकला. दोन तोंडांना दाणा पुरत नव्हता." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. माझ्या सल्ल्याचा त्याने उल्लेखही केला नाही. पण घरी येईपर्यंत माझ्या पायांत जडपणा आला. दुसरा रस्ता अल्लाह काढील असे मी म्हणालो होतो, आणि त्यानंतर तो रस्ता शोधायला मी स्वतः एक पाऊलही टाकले नव्हते. माझ्या एका मिनिटाच्या परहेजगारीची किंमत त्याने एक घोडा विकून चुकवली होती. हा लेख त्या ओझ्यातून लिहिला आहे.

प्रश्न असा आहे. एखादे काम स्वतः निर्दोष असेल, पण ते ज्या जागी घडते तिथे हराम वस्तूचा व्यापार चालत असेल, तर ते काम करणाऱ्या गरीब माणसाच्या रोजीवर त्या जागेची सावली किती पडते? आणि ती सावली मोजण्याचा अधिकार कोणाला?

नाशिककरांना हा प्रश्न टाळता येणार नाही. द्राक्ष आपल्याला नवे नाही. मोगल काळात ज्या शहराला गुलशनाबाद म्हणत, त्या जुन्या नाशकात आजही बागवानपुरा आहे. बागवान म्हणजे बाग राखणारा. फळांचा व्यापार हा या बिरादरीचा पिढीजात धंदा. तसेच नालबंद. घोड्याच्या खुरांना नाल ठोकणारा तो नालबंद. म्हणजे द्राक्ष आणि घोडा ही दोन्ही आपल्या आडनावांतच बसलेली आहेत. नवी आहे ती वाइन. गंगापूर धरणाच्या परिसरात सुला कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० साली तिची पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, करात सवलती दिल्या आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर, तर सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभारले. पुढे वाइन चाखण्याच्या खोल्या आल्या, उत्सव आले, राहण्याच्या सोयी आल्या. पूर्वी मुंबईचा माणूस नाशकाला रामकुंडासाठी किंवा त्र्यंबकेश्वरासाठी येई. आता तो द्राक्षांचे मळे पाहायलाही येतो. युरोपातल्या वाइनच्या प्रदेशांत मळ्यांमधून घोड्यावर फिरण्याची चाल आहे. तीच हौस इथल्या लहानमोठ्या रिसॉर्टवाल्यांनी उचलली.

इथे एक गोष्ट विसरू नये. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक द्राक्षे आजही खाण्यासाठीच पिकतात. थॉमसन, सोनाका, शरद या जातींचे घड युरोपात, आखातात, बांगलादेशात जातात. वाइनच्या जाती वेगळ्या आणि त्यांचे क्षेत्र त्या मानाने थोडे. पण एप्रिलची खरड छाटणी असो, ऑक्टोबरची गोडी छाटणी असो, मण्यांची विरळणी असो की डिपिंग, मजूर तेच असतात. आज खाण्याच्या द्राक्षाच्या बागेत, उद्या वाइनच्या. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे आईवडील या कामाला जातात. त्यांनी रोज सकाळी टेम्पोत चढताना हा घड कोणाच्या पेल्यात जाणार असे विचारायचे का?

मी पुस्तकांकडे वळलो. खरे तर उत्तर देण्याआधी वळायला हवे होते. तिर्मिजी आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत हदीस आहे की दारूच्या बाबतीत दहा जणांवर लानत आहे. गाळणारा, गाळून घेणारा, पिणारा, वाहून नेणारा, ज्याच्याकडे नेली जाते तो, पाजणारा, विकणारा, तिची किंमत खाणारा, विकत घेणारा आणि ज्याच्यासाठी विकत घेतली जाते तो. ही यादी वाचून कोणाच्याही अंगावर काटा येईल. पिणाऱ्याइतकाच पाजणारा आणि वाहणाराही दोषी, हे तत्त्व स्पष्ट आहे. पाप हे एकट्याने होत नाही, त्याला अनेक हात लागतात, आणि त्या प्रत्येक हाताचा हिशेब आहे.

पण या यादीत वेल लावणारा माळी नाही. बाग पाहायला आलेल्याला रस्ता दाखवणाराही नाही. म्हणून ते आपोआप सुटले असे नव्हे, पण त्यांच्याविषयी विचार करावा लागतो, आणि आपल्या फुकहांनी तो केला. हनफी फिकहच्या 'हिदाया' या ग्रंथात हा मसला आहे की द्राक्षाचा रस अशा माणसाला विकला जो त्याची दारू करणार हे माहीत आहे, तर काय? इमाम अबू हनीफा यांच्या मते त्यात हरकत नाही, कारण गुनाह त्या रसात नाही, तो रस बदलल्यानंतर येतो आणि बदलणारा दुसराच आहे. त्यांचेच दोन शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, याला मकरूह म्हणतात. शाफई फुकहांचे मत याहून कडक आहे, आणि कोकणातले आपले बहुतेक भाऊ त्याच मझहबाचे. हंबली फुकहा तर असा सौदाच बातिल ठरवतात.

हे वाचून मी दोन गोष्टी शिकलो. एक, ज्या प्रश्नावर इमाम आणि त्यांचे शिष्य एकमत होऊ शकले नाहीत, त्यावर मी उत्तरपत्रिका तपासता तपासता निकाल दिला होता. दुसरी अधिक महत्त्वाची. या मतभेदात दोन्ही बाजूंना एकेक सत्य आहे. अबू हनीफा म्हणतात, माणसाला त्याच्या स्वतःच्या कृतीसाठी जबाबदार धरा, दुसऱ्याच्या कृतीसाठी नव्हे. शिष्य म्हणतात, माहीत असताना मदत करणे हीसुद्धा एक कृती आहे. कुरआनच्या सूरह माइदामध्ये हुकूम आहे की नेकीच्या कामात एकमेकांना मदत करा, गुनाहच्या कामात करू नका. इथेच घोडे पेंड खाते. मदत म्हणजे नेमके काय?

पावले मोजून हे ठरवायला गेलो तर मोजणी कुठे थांबत नाही. मी अनुदानित शाळेत शिकवतो. माझा पगार सरकारी तिजोरीतून येतो. त्या तिजोरीत मद्यावरच्या शुल्काचा पैसाही पडतो, आणि तो लहान नाही. राज्यघटनेचे कलम ४७ सांगते की राज्याने नशाबंदीसाठी प्रयत्न करावा. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा आहे. आणि त्याच राज्याच्या तिजोरीचा दारू हा एक मोठा झरा आहे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही यावर महाराष्ट्रभर वाद झाला. त्या दिवसांत आमच्या शिक्षकांच्या खोलीत सर्वांनी सरकारला नावे ठेवली. महिनाअखेरीस पगार मात्र सर्वांनी घेतला, मीही घेतला. माझ्या आणि बाटलीच्या मध्ये वित्त विभाग आहे, शिक्षण विभाग आहे, बँक आहे. त्या पोराच्या आणि बाटलीच्या मध्ये फक्त एक कुंपण आहे. माझी रोजी पाक वाटते ती ती पाक आहे म्हणून की लांब आहे म्हणून? सुशिक्षित माणसाला अंतर परवडते. गरिबाला जे काम मिळते ते बहुधा घाणीच्या जवळच असते, आणि मग आपण त्याला म्हणतो, तुझ्या कपड्यांना वास येतो.

दुसरे उदाहरण आपल्या मोहल्ल्यातलेच. त्याचे वडील वीस वर्षे घोडा वरातीला देत होते. वरातीत घोड्यापुढे नाचणाऱ्यांपैकी किती जण शुद्धीवर असतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कानठळ्या बसवणारा डीजे, डोळ्यांवर मारा करणारे दिवे, फटाके, आणि त्यात उभे राहिलेले एक भेदरलेले जनावर. त्या कमाईला कोणी हराम म्हटले नाही. कोणी विचारलेही नाही. कारण वरातीची सवय आहे, द्राक्षबागेची नाही. आपला पुष्कळसा तकवा हा सवयीचा असतो. सवयीचे पाप दिसत नाही, नव्या जागेचा संशय मात्र लगेच येतो.

मग उलट बाजूनेही विचार केला पाहिजे, नाहीतर मी एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलो असे होईल. "मी फक्त घोडा धरतो" हे वाक्य धोक्याचे आहे. जगातली मोठमोठी दुष्कृत्ये असल्याच वाक्यांवर चालतात. मी फक्त कागदावर सही केली, मी फक्त गाडी चालवली, मी फक्त दार उघडले. प्रत्येक जण आपला लहानसा निर्दोष तुकडा दाखवतो आणि सगळे तुकडे जोडले की जे चित्र तयार होते त्याचा मालक कोणीच नसतो. तिजोरीचा पैसा मिसळलेला आहे म्हणून सगळेच मिसळलेले, आता काहीही चालेल, हा युक्तिवाद आळशी माणसाचा आहे. सगळे पाणी गढूळ आहे म्हणून कोणी गटाराचे पाणी पीत नाही.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नोमान बिन बशीर यांची प्रसिद्ध हदीस आहे. हलाल उघड आहे, हराम उघड आहे आणि या दोहोंच्या मध्ये संशयाच्या गोष्टी आहेत. जो त्या संशयात शिरतो तो त्या गुराख्यासारखा, जो राखीव कुरणाच्या कडेला जनावरे चारतो. जनावर केव्हा आत तोंड घालील याचा भरवसा नाही. मी ही हदीस वर्गात किती वेळा सांगितली असेल. पण तिचा अर्थ मला त्या पोराने समजावला. कुमैत विकल्यानंतर वर्षभराने तो पुन्हा आला. या वेळी विचारायला नव्हे, सांगायला. लग्नांची कामे कमी झाली होती, घोडी तरी वाचवायची होती. तो म्हणाला, "सर, मी ते काम धरतो आहे. तुम्हाला सांगून धरावे असे वाटले."

मी या वेळी त्याला बसवले, चहा मागवला आणि विचारले, "तिथे तू नेमके काय करणार ते मला सगळे सांग." आणि तो सांगू लागला. बागेच्या आत घोडा नेता येत नाही, वेलींच्या ओळींत जागा नसते, ठिबकच्या नळ्यांत खूर अडकतो. म्हणून वाट बांधावरून. बागेवर भुरी-डावणीसाठी औषध मारलेले असते, मोरचूद असते. घोडी चालता चालता एक पान जरी ओढून खाईल तरी पोटशूळ होण्याची भीती. म्हणून औषध कोणत्या दिवशी मारले हे आधी विचारायचे आणि त्या कडेने लगाम आखूड धरायची. मी थक्क झालो. कुरणाच्या कडेला जनावर चारण्याची जी गोष्ट मी पुस्तकातून सांगत होतो, ती हा रोज जगणार होता. कडेने जायचे असेल तर लगाम आखूड हवी. जायचेच नाही हा एक मार्ग झाला. पण ज्याला जावे लागते त्याच्यासाठीही एक मार्ग आहे.

मग आम्ही दोघांनी मिळून लगाम कुठे धरायची ते ठरवले. रपेटीचे पैसे वेगळे, वाइनच्या पेल्याबरोबर एकाच तिकिटात नाहीत, कारण तसे केले तर घोडी ही बाटलीची जाहिरात होते. बाटली, पेला, टोपली, काहीही घोडीवर लादायचे नाही आणि हातातही घ्यायचे नाही, कारण वाहून नेणारा त्या दहांच्या यादीत आहे. पाहुणा आणल्याबद्दल दुकानाकडून कमिशन घ्यायचे नाही. आणि प्यायलेल्या माणसाला घोडीवर बसवायचे नाही. शेवटची अट त्याची स्वतःची होती. मला वाटले, दीनच्या कारणाने घातली असेल. तो म्हणाला, "नाही सर. प्यायलेला माणूस तोल सावरत नाही, लगाम ओढतो, टाचा मारतो. घोडीचे तोंड फाटते."

तिथे मला कळले की या सगळ्या विचारात मी एका जिवाला विसरलो होतो. बाटलीपासून माणूस किती लांब याचा हिशेब मी करत होतो. घोडीचा हिशेब कोणी केला नव्हता, आणि बोलून हक्क मागता येत नाही अशी या व्यवहारात ती एकटीच होती.

आपल्या दीनमध्ये घोड्याचे स्थान मोठे आहे. सूरह आदियातची सुरुवात धापा टाकत धावणाऱ्या, टापांनी ठिणग्या उडवणाऱ्या घोड्यांच्या शपथेने होते आणि लगेच पुढे माणूस आपल्या पालनकर्त्याचा नाशुक्रा आहे असे सांगितले जाते. मुफस्सिरांनी यातून अर्थ काढला आहे की घोडा मूठभर दाण्यासाठी धन्याशी इमान राखतो आणि माणूस सगळे काही मिळूनही राखत नाही. सूरह नहलमध्ये सुरुवातीलाच घोडे, खेचरे आणि गाढवे ही स्वारीसाठी आणि शोभेसाठी निर्माण केल्याचे सांगितले आहे. त्याच सूरहमध्ये पुढे खजूर आणि द्राक्ष यांचा उल्लेख येतो की त्यांपासून माणूस नशाही करतो आणि चांगली रोजीही मिळवतो. घोडा आणि द्राक्ष, दोन्ही एकाच सूरहमध्ये, दोन्ही नेमत म्हणून. बिघाड वेलीत नाही आणि घोड्यातही नाही. नेमतीचे आपण काय करतो, तो प्रश्न आहे.

बुखारीतली आणखी एक हदीस या प्रसंगाला इतकी लागू पडते की ती मला आधी का आठवली नाही याचे नवल वाटते. घोडा तीन प्रकारच्या माणसांसाठी तीन प्रकारचा असतो. जो अल्लाहच्या वाटेसाठी पाळतो त्याच्यासाठी सवाब. जो मिरवण्यासाठी पाळतो त्याच्यासाठी ओझे. आणि मधला तो, जो कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून पाळतो आणि त्याच्या मानेवरचा व पाठीवरचा अल्लाहचा हक्क विसरत नाही, त्याच्यासाठी घोडा म्हणजे पडदा, अब्रू झाकणारे वस्त्र. माझा विद्यार्थी हा तो मधला माणूस होता. मी त्याच्या अब्रूचा अर्धा पडदा विकायला लावला होता.

पण याच हदीसमध्ये अटही आहे. पाठीवरचा हक्क विसरायचा नाही. घोड्याच्या कमाईचे हलाल-हराम निम्मे इथेच ठरते. आपल्याकडे १९६५ चे नियम आहेत. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त, सलग पाच तासांपेक्षा जास्त आणि तापमान ३७ अंशांवर असताना दुपारी बारा ते तीन राबवायचे नाही. किती जणांना हे माहीत आहे? मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचे काय झाले ते आठवावे. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या हौसेच्या फेऱ्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितले. डांबरी रस्त्यावर घसरणारे खूर, तबेल्यांची दुरवस्था, हे सगळे खरे होते. त्यांवर पोट असणारी माणसेही खरी होती. जनावराचा हक्क वेळीच ओळखला असता तर कदाचित दोघांचे भले झाले असते. मांजरीला उपाशी कोंडून मारणारी बाई जहन्नममध्ये गेली आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणारा माणूस बख्शला गेला, या हदीस आपण मुलांना सांगतो. पण माथेरानला किंवा महाबळेश्वरला घोड्यावर बसताना त्याच्या पाठीवर जखम आहे का हे किती जण खोगीर उचलून पाहतात? ग्राहकाचाही हलाल-हराम असतो.

पुढे काय झाले ते सांगतो. रिसॉर्टवाल्याने त्याच्या पहिल्या तीन अटी हसत मान्य केल्या. चौथी जड गेली. कारण सर्वांत जास्त मागणी संध्याकाळची होती. दुपारभर वाइन चाखून झाली की धरणाच्या पाण्यावर सूर्य मावळताना घोड्यावर बसून फोटो काढायचा असे. दोन आठवडे त्याने निभावले. तिसऱ्या आठवड्यात एक पाहुणा झोकांड्या खात आला आणि मालक म्हणाला, बसव. याने घोडी खोलली आणि घरी आला. आठवड्याचे पैसेही पूर्ण मिळाले नाहीत.

त्या रात्री तो माझ्याकडे आला तेव्हा मला पुन्हा तेच वाक्य सुचले होते की अल्लाह दुसरा रस्ता काढील. पण ते तोंडातून काढायची मला लाज वाटली. नकार देणे ही इबादत आहे, पण तिचा खर्च एकट्या गरिबाने का सोसावा? जो मोहल्ला "ते काम नको" म्हणतो, त्याने दुसरे काम दाखवले पाहिजे. नाहीतर आपली नसीहत म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने केलेला सदका. दुसऱ्या दिवशी मी आणि आमच्या मशिदीचे इमामसाहेब बसलो. त्यांच्या ओळखीने एका बागाईतदाराशी बोलणे झाले. त्याची खाण्याच्या द्राक्षांची बाग आहे आणि हंगामात लोक कुटुंबासह बाग पाहायला, स्वतःच्या हाताने घड तोडून विकत घ्यायला येतात. तिथे बांधावरून सकाळी रपेट सुरू झाली. पैसे रिसॉर्टच्या निम्मे. हंगाम जानेवारी ते मार्च एवढाच. बाकीचे दिवस वराती आणि शाळांची स्नेहसंमेलने. सुखाचा शेवट म्हणावा असे काही नाही. कुमैत परत आला नाही. पण घोडी आहे.

मी अजूनही असे म्हणणार नाही की रिसॉर्टमधले काम उघड हराम होते. त्याच्या चार अटी पाळल्या गेल्या असत्या तर मी आज त्याला ते करू दिले असते. संशयाच्या त्या पट्ट्यात पुष्कळ प्रामाणिक माणसे राबतात. हॉटेलात भांडी घासणारी, टॅक्सी चालवणारी, बागेत छाटणी करणारी. त्यांना बाहेर उभे राहून फतवे देणे सोपे आहे. त्यांना विचारावे लागते की तुझ्या हातून नेमके काय जाते, तुझी लगाम कुठे आखूड होते, आणि नाही म्हणालास तर चूल कशी पेटेल. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात आपला वाटा किती, हे ठरवल्याशिवाय पहिल्या दोन प्रश्नांचा निकाल देऊ नये.

गेल्या फेब्रुवारीत मी मुलांना घेऊन त्या बागेवर गेलो. दुरून ब्रह्मगिरी आणि अंजनेरीचे डोंगर दिसत होते, मांडवाखाली घड लोंबत होते. माझी दोन्ही मुले पाळीपाळीने घोडीवर बसून बांधाला फेरी मारून आली. मग मलाही हौस आली. मी पुढे झालो तर त्याने विचारले, "सर, तुमचे वजन किती?"

मी म्हणालो, "अठ्ठ्याहत्तर."

"घोडी सव्वातीनशे किलोची आहे, सर. वर खोगीर. पासष्टच्या वर मी कोणाला बसवत नाही." मग जरा संकोचून म्हणाला, "राग मानू नका. तुम्ही चालत चला, मी बरोबर येतो."

आम्ही तिघे बांधावरून निघालो. तो, घोडी आणि मी. औषध मारलेल्या कडेशी आलो तसा त्याने न बोलता लगाम आखूड केली.